चाचण्या चुकल्या, पण त्या बनावट होत्या का?

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की एक दावा हमखास फिरू लागतो: तिथल्या जनमत चाचण्या डेमोक्रॅटधार्जिणी माध्यमे मुद्दाम फुगवतात, 2016 मध्ये हे पितळ उघडे पडले, आणि अध्यक्ष कोण हे शेवटी वृत्तवाहिन्याच ठरवतात. यात खऱ्याची थोडी भेसळ असल्यामुळे तो खपून जातो.

आधी 2016. देशपातळीवरील चाचण्यांची सरासरी डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांना सुमारे तीन टक्क्यांची आघाडी देत होती आणि प्रत्यक्षात त्यांना रिपब्लिकन ट्रम्प यांच्यापेक्षा 2.1 टक्के मते अधिक मिळाली. गणित बिघडले ते राज्यांत. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेन्सिल्व्हेनियातील मिळून सुमारे 78 हजार मतांनी निर्वाचक मंडळाचे (राज्यवार निकालांवरून अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळाचे) पारडे फिरले, आणि राज्यपातळीवरील अनेक चाचण्यांनी उत्तर देणाऱ्यांच्या शिक्षणाचा हिशेब धरलाच नव्हता. पदवीधर मंडळी चाचणीला उत्तरे द्यायला अधिक राजी असतात, आणि नेमक्या त्याच वर्षी पदवीधर व बिगरपदवीधर गोऱ्या मतदारांच्या वाटा फार दूर गेल्या. हा कसबातला दोष झाला. त्याला कट म्हणायचे तर हेतूचा पुरावा हवा. ‘हिलरींना 98 टक्के संधी’ हा आकडाही कुठल्या चाचणीचा नव्हता, तर हफिंग्टन पोस्ट या वृत्तसंकेतस्थळाच्या गणिती भाकिताचा होता. तशाच चाचण्यांच्या आधारे फाइव्हथर्टीएट या निवडणूक भाकिते करणाऱ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांना सुमारे 29 टक्के संधी दिली होती, पण ती कोणाच्या लक्षात राहिली नाही.

चाचण्या मुद्दाम डेमोक्रॅट पक्षाकडे झुकवल्या जातात म्हणावे, तर 2012 मध्ये त्यांनी डेमोक्रॅट ओबामांनाच कमी लेखले होते. आकडा बनतो कसा, हे न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर 2016 मध्ये उघड करून दाखवले. फ्लोरिडातील 867 मतदारांची तीच कच्ची उत्तरे त्यांनी आणखी चार तज्ज्ञ गटांना दिली; एकाने क्लिंटन यांना चार टक्क्यांनी पुढे ठरवले, तर दुसऱ्याने ट्रम्प यांना एका टक्क्याने. कोणाच्या उत्तराला किती वजन द्यायचे आणि कोण खरोखर मतदानाला जाईल, याचे प्रत्येकाचे ठोकताळे वेगळे होते, एवढेच. मात्र 2016, 2020 आणि 2024 अशा तिन्ही वेळा चाचण्यांनी ट्रम्प यांनाच कमी लेखले, आणि 2020 मधील चूक तर चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी होती, हे मान्य करायलाच हवे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या दूरध्वनी चाचण्यांना 1997 मध्ये 36 टक्के लोक उत्तर देत, 2018 मध्ये अवघे 6 टक्के. माध्यमांवरचा आणि संस्थांवरचा अविश्वासच पक्षागणिक वाटला गेला असेल, तर फोन ठेवून देणारे आणि बोलणारे यांत फरक पडणारच. माझ्या मते पक्षनिष्ठेने चाचण्या वाकतात त्या इथे, उत्तर देणाऱ्याच्या टोकाला. अर्थात 2020 च्या चुकीचे निर्णायक कारण अभ्यासकांनाही सांगता आलेले नाही.

राहिली माध्यमांची सत्ता. 1890 मध्ये सुरू झालेल्या ॲरिझोना रिपब्लिक या दैनिकाने अध्यक्षपदासाठी कधीही डेमोक्रॅट उमेदवाराला पाठिंबा दिला नव्हता. 2016 मध्ये त्याने प्रथमच तो क्लिंटन यांना दिला, आणि ॲरिझोना तरीही ट्रम्प यांनी जिंकले. वाहिन्यांनी विजेता जाहीर करण्याला तर कायद्याने काहीच किंमत नाही. तिथे आपल्यासारखा देशभरची मतमोजणी चालवणारा निवडणूक आयोग नाही. मोजणी मुख्यतः काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) करतात, निकाल राज्ये प्रमाणित करतात आणि वाहिन्या फक्त त्याआधी अंदाज सांगतात. 2000 मध्ये त्यांनी फ्लोरिडा आधी डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना दिले, मग काढून घेतले, मग रिपब्लिकन बुश यांना दिले, तेही काढून घेतले. अखेरचा फरक 537 मतांचा होता आणि वाद सर्वोच्च न्यायालयात संपला. 2020 मध्ये ॲरिझोना डेमोक्रॅट बायडन यांच्या नावे सर्वांत आधी लावणारी वाहिनी होती फॉक्स न्यूज, म्हणजे ट्रम्प समर्थकांची हक्काची वाहिनी. त्यानंतर कित्येक दिवस मोजणी चालूच राहिली आणि फरक निघाला 10,457 मतांचा.