तोटे: नाहीत

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे. रविवारचा दुसरा चहा घेऊन वाचणार असाल तर वाचा, नाहीतर लाइक मारून पुढे जा, तुम्ही तसंही तेच करता.

लेकीच्या शाळेतून वर्कशीट आलंय, आठवीत आहे ती. 'नवीकरणीय व अनवीकरणीय ऊर्जास्रोत: फायदे व तोटे.' (हे सलग तीनदा म्हणून बघा, जीभ दुमडते.) तक्ता आखलेला. कोळसा, पेट्रोल-डिझेल, अणुऊर्जा, सूर्य, वारा, पाणी, बायोगॅस. प्रत्येकासमोर बोटभर जागा. ती पटापट भरत होती, मी शेजारी मेथी निवडत बसले होते. सहज डोकावले तर पाण्यासमोर लिहिलेलं, फायदे: स्वच्छ, स्वस्त, कधीही न संपणारी. तोटे: नाहीत.

म्हणलं हे कुठून आणलंस? तर म्हणे ग्रुपवर मॉडेल आन्सर आलंय, सगळे तेच लिहितायत.

तोटे नाहीत!

मेथी तशीच ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचं मूळ गाव आत्ता पाण्याखाली आहे. कोयनेच्या. माझी आजी लग्न होऊन त्या गावात आली आणि दहाएक वर्षांत गाव उठलं. घराच्या पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. बाकी सगळं काढून नेलं, वासे, कौलं, जातं, देव, दाराची चौकटसुद्धा. उखळ काही निघेना. आजोबांनी दोन दिवस पहार घातली आणि शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पानी काय भात कांडनार हाय त्यात?" हे वाक्य आजीनं मला शंभरदा तरी सांगितलं असेल, आणि दरवेळी हसायची. का हसायची हे मला लहानपणी कळायचं नाही.

१९६२ साली पोफळीच्या वीजघरात मशिनं फिरायला लागली. मुंबईचे कारखाने चालले, पुणं वाढलं, आणि आमचे लोक डोंगराच्या वरच्या अंगाला चढून बसले कंदील घेऊन. आमच्या घरात पहिला बल्ब लागला तेव्हा मी पहिलीत होते. म्हणजे सत्तावीस वर्षांनी! धरण खाली दिसतंय आणि घरात रॉकेलची चिमणी. आजी म्हणायची, "लायटीसाठी घर दिलं, आन् घरात लाइट न्हाई." कितीतरी लोक रायगडला गेले, ठाण्याला, सोलापूरकडे, जिथली हवा आपली नाही, भाषा आपली नाही अशा ठिकाणी, आणि त्यांची नातवंडं अजून जमिनीच्या फायली घेऊन फिरतायत.

त्यात १९६७ चा डिसेंबर. ११ तारीख, पहाटेची वेळ. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली भूकंपात. आमच्या नव्या घराची एक भिंत पडली, आजीचा मुलगा, आमचे अण्णा, तेव्हा पाचेक वर्षांचे, आजीनं त्यांना गोधडीसकट बाहेर फेकलं म्हणे अंगणात. धरणात साठलेल्या पाण्यामुळं भूकंप होऊ शकतो का याचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ अजूनही कोयनेचं उदाहरण घेतात. पण आमच्या वर्कशीटवर, तोटे: नाहीत.

आणि 'कधीही न संपणारी' हे कोणी ठरवलं? ते पाणी सह्याद्रीच्या पोटातनं बोगद्यानं पलीकडं उतरवायचं, वीज करायची, मग ते वाशिष्ठीतनं समुद्राला. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीय, खालच्या अंगाला शेतीलाही पाणी लागतंच की. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी विजेचं पाणी की उसाचं पाणी ही भांडणं पेपरात येतातच की.

बरं. मान्य. कोयना नसती तर महाराष्ट्र अंधारात बसला असता. १९६० मेगावॉट काय थोडे नव्हेत, आणि संध्याकाळी सात वाजता अख्खं राज्य एकदम टीव्ही, एसी, मिक्सर लावतं तेव्हा काही मिनिटांत मशीन सुरू करून लोड उचलायचं काम पाण्याच्या विजेलाच जमतं, कोळशाचा बॉयलर थंड पडला असेल तर त्याला तासन् तास लागतात. हे मला माहितीय. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा वगैरे म्हणतात तेही खरंय. पण रेषा कुणाच्या तळहातावर आणि कुणाच्या पाठीवर, तेवढं विचारायचं नाही का?

(थांबा, दूध उतू गेलं. आले.)

हां. तर नवरा म्हणाला, "अगं तुझं कोयनेचं दुःख कळतं, पण मग काय कोळसा जाळायचा?" हे एक आवडतं वाक्य आहे सगळ्यांचं. पाण्याबद्दल तक्रार केली की मी कोळशाची एजंट.

कोळशाबद्दल मला सांगूच नका. मामेबहीण विदर्भात एका औष्णिक केंद्राच्या कॉलनीत बारा वर्षं राहिली. पांढरी चादर वाळत घातली की संध्याकाळी ती झटकून मगच घडी घालायची. आपल्या कोळशात राखच इतकी, तीस-चाळीस टक्के. एक युनिट विजेला अंदाजे सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे आपण दिवसाला दहा युनिट वापरतो ना फ्लॅटमध्ये, ती सात किलोची पिशवी समजा, भाजीच्या पिशवीसारखी रोज उचलून आणायची असती तर गिझर बंद करायला आपण धावत गेलो असतो. आणि त्यातली दोन-अडीच किलो राख परत कुणाच्या तरी गावाशेजारच्या तळ्यात. पण हेही सांगते, त्याच कॉलनीत तिची दोन्ही पोरं शिकली, मेहुण्यांना पेन्शन आहे, दवाखाना होता, शाळा होती. ती कोळशाला शिव्या देत नाही. आपण पुण्यात बसून देतो.

आणि ते 'निम्मी वीज हरित झाली' असले फॉरवर्ड पाठवू नका मला. २०२५ मध्ये देशाच्या एकूण क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांचा झाला, बरोबर आहे, चांगलंच आहे, मला आनंदच आहे. पण ती क्षमता झाली. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या चार युनिटांतली जवळपास तीन अजून कोळशाचीच आहेत. सूर्य रात्री नसतो हो. क्षमता म्हणजे घरात दहा माणसं आहेत असं सांगणं, आणि प्रत्यक्ष वीज म्हणजे त्यातली किती कामाला उठतात ते.

सोलरवरून आठवलं. आमच्या दाजींनी साताऱ्याला गच्चीवर तीन किलोवॉटचं बसवलं. ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल जवळजवळ शून्य, माणूस खुश. अख्ख्या गल्लीला गच्चीवर नेऊन दाखवायचे. मग मे महिन्यात वादळात पोल पडला, दुसऱ्या दिवशी कडक ऊन, वर पॅनल चमकतायत आणि खाली पंखा बंद! दाजी गच्चीवर उभे राहून पॅनलला आईमाईवरून. इन्व्हर्टर बिघडला म्हणून माणूस बोलावला तर तो म्हणाला, काका, हे ऑनग्रिड आहे, लाइनला वीज नसली की हे आपोआप बंद होतं, नाहीतर पोलवर चढलेला वायरमन तुमच्या गच्चीवरच्या करंटनं मरेल. बॅटरीचं पाहिजे असेल तर खर्च वेगळा. हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी घेतलं असतंच दाजींनी, पण निदान त्या दिवशी आमरस फ्रीजमध्ये सडला नसता.

तरीपण सोलरला मी नावं ठेवणार नाही. चुलत भावाला सौरपंप मिळाला गेल्या वर्षी. आधी थ्री फेज लाइट रात्रीची असायची, रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जायचं, पायाखाली साप, समोर बिबट्या, आणि घरी वहिनी जागी. आता सकाळी नऊला मोटर चालू करतो आणि चारला घरी. ढग आले की पाण्याची धार बोटाएवढी होते, तर होऊ दे. वहिनी झोपते, एवढा एक फायदा त्या बोटभर रकान्यात मावत नाही. सगळे तोटे झाकून टाकावेत एवढा मोठा आहे तो.

वाऱ्याचं आमच्यापेक्षा कुणाला जास्त माहितीय? साताऱ्याकडचं चाळकेवाडी, वनकुसवडे, सगळा सडा (डोंगरावरचं पठार) पवनचक्क्यांनी भरलाय. लोक फोटो काढायला जातात, कासला जाऊन आले की तिकडं. छान दिसतं, मीपण डीपी ठेवलेला. पण त्या जमिनी कोणी, कशा, किती रुपयांनी घेतल्या ते सड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्या एका आत्याच्या सासऱ्यांनी तर कागद वाचता येत नव्हता म्हणून अंगठा दिला होता. आणि वारा जोरात सुटतो जूनपासून, ऐन पावसाळ्यात, जेव्हा शेतात मोटर कुणाला नको असते. एप्रिलमध्ये आपण घामाघूम असतो तेव्हा पाती बऱ्याचदा हात जोडून उभी.

अणुऊर्जेवर बोलत नाही, त्यावर घरात आधीच दोन पार्ट्या आहेत. धूर नाही, रात्रंदिवस चालते, हे खरं. तारापूर १९६९ पासून चालू आहे, हेही खरं. आणि तिथंच पुढच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली, हेपण खरंच. बघा, परत गाव आलंच. बायोगॅसला शेण लागतं आणि शेणाला जनावरं, ती आता कुणाच्या गोठ्यात राहिलीत? साखर कारखान्यांची बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची वीज अक्षय म्हणायची तर म्हणा, उसाला लागणारं पाणी मोजू नका म्हणजे झालं.

मला राग कशाचा येतोय ते टाइप करता करता कळतंय. त्या तक्त्यात 'फायदे' आणि 'तोटे' शेजारी शेजारी आखलेत, जणू एकाच माणसाच्या वहीतला जमाखर्च. तसं कुठंच नसतं. फायदा माझ्या फ्लॅटमध्ये आहे, तोटा आजीच्या पडवीत होता. बटण मी दाबते, चादर बहीण झटकते. मग पोरांना तोटा दिसणार तरी कसा? त्यांना लाइटच्या बटणामागं भिंत दिसते. आता बॅटरीसारखं पाणी साठवायचे पंप्ड स्टोरेज प्रकल्प येतायत सह्याद्रीत, दिवसा स्वस्त सौर विजेवर पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. घाटघरला आहेच असा एक, २५० मेगावॉटचा. आयडिया चांगली आहे, सोलरला रात्री साथ द्यायला काहीतरी पाहिजेच, मी इंजिनिअर नसले तरी एवढं कळतं. पण आमच्या भागात परत जमिनीची 'मोजणी' हा शब्द ऐकू यायला लागलाय आणि म्हातारी माणसं तो शब्द ऐकून गप्प होतात.

आमच्या सोसायटीत सोलर बसवायचं का यावरच्या मीटिंगमध्ये माझं मत 'हो' होतं, ज्यांनी कालपासून मला विरोधक ठरवलंय त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

आजीला मी शेवटची गावी घेऊन गेले तेव्हा मे महिना होता, त्या वर्षी पाणी खूप खाली गेलेलं. चिखल वाळून भेगा पडलेल्या. लाँचमधून उतरलो, ती काठी टेकत बरोबर त्या जागी गेली, कोणाला विचारलं नाही. घराचं जोतं दिसत होतं, अर्धं. उखळ गाळानं काठोकाठ भरलेलं. ती बसली आणि हातानं गाळ काढायला लागली, मी म्हणलं आजी नखं दुखतील, तर ऐकेना. सगळा गाळ काढला, पदर भिजवून आतनं पुसलं, ओंजळीनं पाणी आणून धुतलं. धरणाचंच पाणी. मग म्हणाली, "चल, आता दोन महिन्यांत परत भरंल." त्या दिवशीसुद्धा हसली.

लेकीला हे सांगितलं आज. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आई, उखळ म्हणजे काय?" मी फोटो शोधून दाखवला. म्हणाली, अच्छा, मिक्सर.

मग तिनं खोडलं 'नाहीत'. आता तिथं काय लिहायचं यावर घरात चर्चा चालू आहे. नवरा म्हणतो मॉडेल आन्सरच लिहू दे, उगीच मार्क कापतील. विस्थापन लिही म्हणलं तर ती म्हणते स्पेलिंग अवघड आहे. शेवटी अण्णांना फोन लावला, सगळं रागारागानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बुडालेल्या जमिनीचा जुना उतारा हाय माझ्याकडं ट्रंकेत, गावाच्या नावासकट. झेरॉक्स काढून पाठवू का?"

पाठवा म्हणलं. स्टेपल करून देते वर्कशीटला.