रात्री बाराची मैफल

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या महोत्सवाची मैफल बहुतेक संध्याकाळी साडेसातला सुरू होते. त्या वेळी आमच्या ग्वाल्हेरात रात्रीचे बरोबर बारा वाजतात. गोरे गेले, पण आमचे बारा वाजवायचं काही सोडलं नाही. १८९५ पासून चालत आलेला हा महोत्सव जुलै ते सप्टेंबर भरतो आणि बीबीसी रेडिओ थ्री त्यातली प्रत्येक मैफल थेट ऐकवतं. इंटरनेटच्या कृपेने ती लष्कर भागातल्या आमच्या वाड्यातही येते.

जागरणाचं काही नाही. तानसेन समारोहात डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळून बसलेली माणसं आम्ही. खरा छळ आवाजाच्या बटणाचा. ख्याल ऐकताना आवाज एकदा लावला की रात्रभर त्याकडे बघावं लागत नाही. सिंफनीवाले, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या अनेक भागांच्या रचना वाजवणारे, मात्र एक तर कुजबुजतात, नाही तर अंगावर येतात. व्हायोलिनं इतकी हळू वाजतात की मला वाटतं नेट गेलं. कूलरच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून आवाज वाढवावा, तर नेमके तेवढ्यात तिकडे ट्रॉम्बोन आणि झांजा सरसावतात.

हेडन या संगीतकाराने तर ही खोडी मुद्दाम करून ठेवली आहे. त्याची ९४वी सिंफनी १७९२ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागात शाळकरी पोरालाही गुणगुणता येईल अशी साधी धून येते. तीच पुन्हा, आणखी हळू. आणि मग सगळ्या वाद्यांचा मिळून एकच दणका! तो कुठे येतो हे मला पाठ आहे, पण बोट दर वेळी मात्राभर मागे राहतं. मग आतून, "अहो, काय पडलं?"

रॅव्हेलचा १९२८ चा 'बोलेरो' त्या मानाने सज्जन. पंधराएक मिनिटं ताल तोच, धून फिरून फिरून त्याच, फक्त आवाज चढत जातो. तो जसा चढेल तसा मी उतरवत नेतो. बिचाऱ्याने एवढं खपून चढवलेलं सगळं आमच्या वाड्यात सपाट होतं. शेवटचा कोसळणारा क्षण आमच्याकडे पोस्टमनने पत्र टाकल्याइतपत वाजतो.

"हेडफोन लावा ना मग!" लावले. पण ग्वाल्हेरात वाढलेल्या माणसाला जागा आवडली की दाद निघणारच, आणि कान बंद असले की आपण किती जोरात ओरडतो ते आपल्याला कळत नाही. ओबो या सनईसारख्या वाद्यावर एकाने एक सूर असा काही लावला की रात्री पाऊण वाजता माझ्या "क्या बात है!"ने चौकातली दोन कुत्री आणि वरचे भाडेकरू जागे झाले.

तिकडे दाद देणं सोडाच, सिंफनीचे सगळे भाग संपेपर्यंत टाळीसुद्धा वाजवायची नाही असा रिवाज. दोन भागांमधल्या फटीत फक्त खोकायचं. तो हजारोंचा हॉल मनसोक्त खोकतो, घसे खाकरतो आणि रेडिओवर ते छान ऐकू येतं. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग मात्र असा झोकात संपतो की भल्याभल्यांचा हात सुटतो. मग जाणकार मनातल्या मनात कपाळाला आठ्या घालत असतील. मला विचाराल तर त्या हॉलमधली खरी रसिक माणसं ती टाळ्या वाजवणारीच.

आमच्या घराला झेपणारी मैफल एकच. व्हिएन्नाची, एक जानेवारीची. तिथल्या सव्वाअकराला, म्हणजे आपल्या दुपारी पावणेचारला. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी वाद्यवृंदाचे संचालक म्हणून ती पाच वेळा चालवली आहे. यंदा काकाही गजकाची बशी घेऊन पडद्यासमोर बसले. काकांनी ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव पंडितांचं गाणं समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे ते कुणाला सहजासहजी मानत नाहीत.

"हा पाठमोरा उभा राहून काय करतोय रे?"

"सगळ्यांना सांभाळतो, काका."

"एक बरा तबलजी बसवला असता तर याचा पगार वाचला असता."

शेवटी प्रथेप्रमाणे थोरल्या योहान स्ट्राउसचा 'राडेट्स्की मार्च' सुरू झाला. पाठमोरा गृहस्थ श्रोत्यांकडे वळला आणि हातांनी सांगू लागला, आता हळू टाळ्या, आता जोरात. अख्खा हॉल आज्ञेत. काका ताठ झाले. "केरवा आहे हा," म्हणत त्यांनी मांडीवर ठेका धरला, टाळीला टाळी दिली, खालीला, म्हणजे टाळी न द्यायच्या मात्रेला, हात उलटा केला. दोन-चार आवर्तनं झाल्यावर पडद्याकडे निरखून बघत म्हणाले,

"सगळे नुसत्या टाळ्याच देताहेत. खाली एकालाही माहीत नाही!"