व्यायामाने चरबी तपकिरी होते? उंदरांची होते

एक दावा गेली काही वर्षं फोनवरून फोनवर फिरतो आहे. शब्द बदलतात, आशय तोच: नियमित व्यायाम केला की स्नायूंमधून आयरिसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते पांढऱ्या चरबीची तपकिरी चरबी करतं, आणि ती झोपेतसुद्धा कॅलरी जाळत राहते. खाली शिक्का असतोच, ‘हार्वर्डने सिद्ध केलंय.’ यात धडधडीत खोटं फार थोडं आहे. अर्धवट खरं मात्र जागोजागी आहे, म्हणून एकेक वाक्य सुटं करून पाहू.

‘तपकिरी चरबी उष्णता तयार करते.’ हे बरोबर. पांढरी चरबी साठवणीची. तपकिरी चरबीच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांनी, गच्च भरलेल्या असतात, आणि त्यांच्या आतल्या पटलात यूसीपी१ नावाचं प्रथिन असतं. एरवी मायटोकॉन्ड्रिया प्रोटॉन हे विद्युतभारित कण पटलापलीकडे ढकलतात आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. यूसीपी१ त्यांना आडवाटेने परत येऊ देतं. मग एटीपी बनत नाही, ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही, त्याला ऊब मिळते ती अशी. मोठ्या माणसांत ही चरबी जवळपास उरतच नाही असा समज बराच काळ होता. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एकदम तीन शोधनिबंध आले आणि काही प्रौढांच्या मानेत, कॉलरबोनच्या वर ती शाबूत असते, थंडीत कामही करते, हे स्कॅनमध्ये दिसलं.

‘हार्वर्डने सिद्ध केलंय.’ इथे थोडं थांबायला हवं. हार्वर्डमधले शास्त्रज्ञ ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली ‘नेचर’मध्ये आयरिसिनबद्दलचा निबंध छापला. पांढऱ्या चरबीत तपकिरीसारख्या, म्हणजे बेज पेशी वाढल्या, हा त्यातला गाजलेला निष्कर्ष उंदरांमधला होता. पुढे वर्षभरातच शंका सुरू झाल्या. आयरिसिन ज्या प्रथिनापासून तुटून निघतं, त्याच्या माणसातल्या जनुकात प्रथिन कुठून बनवायला घ्यायचं ते सांगणारा सुरुवातीचा संकेत बदललेला आहे, त्यामुळे ते प्रथिन कमी बनतं, असं २०१३ साली दाखवलं गेलं. २०१५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवलं की रक्तातलं आयरिसिन मोजायला सर्रास वापरली जाणारी किट्स भलतीच प्रथिनं पकडत होती. म्हणजे तोवरच्या बऱ्याच मोजण्यांवर भरवसा ठेवणंच अवघड. त्याच वर्षी स्पीगलमन यांच्या गटाने अधिक काटेकोर तंत्राने मोजलं. माणसाच्या रक्तात आयरिसिन सापडलं: बैठ्या लोकांत मिलिलिटरला सुमारे ३.६ नॅनोग्रॅम, व्यायाम करणाऱ्यांत ४.३. आहे, पण फरक एवढाच. आणि रक्तात असणं वेगळं, त्याने माणसाची चरबी तपकिरी करणं वेगळं. संदेश लिहिणाऱ्याने मधली ही सगळी वर्षं गाळली आहेत.

उंदरांबाबत आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत कधीच येत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण २२ अंशांत राहतो. आपल्याला ते सुखाचं, पण उंदराला अंगची उष्णता टिकवायला जादा कष्ट पडू नयेत असं तापमान ३० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे तो बिचारा जन्मभर गारठलेला. त्याचं उष्णतेचं यंत्र आधीच चालू. अशा प्राण्यात जे दिसतं ते अंगभर कपडे घालून बसलेल्या माणसाला लावताना हात आखडता घ्यायला हवा. उंदरांना ऊबदार ठेवून व्यायाम दिला तर हा परिणाम बराच मावळतो.

‘व्यायामाने माणसातही तपकिरी चरबी वाढते.’ नाही. निदान आजवरच्या सर्वांत भक्कम चाचणीत तरी नाही. स्पेनमधल्या ग्रानादा इथे ॲक्टिबेट नावाची चाचणी झाली. १८ ते २५ वयाचे १४५ बैठे तरुण-तरुणी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटलेले: एक व्यायामाविना, एक मध्यम, एक जोरदार. २४ आठवडे देखरेखीखाली एरोबिक आणि वजनांचा व्यायाम. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली आलेला निकाल असा की व्यायाम करणाऱ्यांची चरबी घटली, ताकद आणि दम वाढला, तपकिरी चरबी मात्र होती तशीच. ना आकार वाढला, ना तिने ओढून घेतलेली साखर. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तर लांब पल्ल्याच्या खेळाडूंची तपकिरी चरबी बैठ्या सडपातळ पुरुषांपेक्षा थंडीतही मंद आढळली.

मला यात नवल वाटत नाही. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली २०-२५ टक्केच कामी येते, बाकी उष्णता होते. ज्याचं अंग व्यायामाने आधीच तापतंय, त्याचं शरीर वेगळा हीटर कशाला बसवील?

एक आक्षेप रास्त आहे. या स्कॅनमध्ये चरबीने किती ग्लुकोज ओढलं ते दिसतं, प्रत्यक्ष उष्णता नाही. आणि तपकिरी चरबी ग्लुकोजखेरीज स्निग्धाम्लंही, म्हणजे चरबीचे घटकही, जाळते, ते या स्कॅनमध्ये दिसत नाही. काही लहान अभ्यासांत व्यायामानंतर त्वचेखालच्या चरबीत संबंधित जनुकांची हालचाल किंचित वाढलेलीही दिसली. पण जनुकाची हालचाल म्हणजे उष्णता नव्हे, आणि त्यावरून ‘सिद्ध झालं’ म्हणणं तर लांबच.

‘तपकिरी चरबी असलेले लोक निरोगी असतात.’ बावन्न हजारांहून अधिक रुग्णांच्या स्कॅनवर २०२१ साली झालेल्या अभ्यासात असा संबंध दिसला खरा. पण संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि व्यायामाचा त्यात पुरावा नाही. तपकिरी चरबी जागवणारी ठरलेली गोष्ट आहे थंडी. २०१३ साली जपानमध्ये लोकांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांत बसवलं, तेव्हा ती वाढली. झटपट उपाय म्हणून हे फारसं कुणी पुढे पाठवत नाही, हेही खरंच.

राहिलं ‘झोपेतही कॅलरी जळतात.’ झोपेत कॅलरी सगळ्यांच्याच जळतात, हृदय-मेंदू-यकृत थांबत नाहीत. व्यायामानंतर ऑक्सिजनचा वापर काही काळ चढा राहतो, बहुधा त्याचंच हे तिखटमीठ लावलेलं रूप. तो जादा खर्च व्यायामातल्या निव्वळ खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के. ३०० किलोकॅलरींचा व्यायाम केला तर १८ ते ४५. त्याचा तपकिरी चरबीशी संबंध नाही, आणि साध्या मध्यम व्यायामानंतर तो काही तासांत ओसरतो, म्हणजे सकाळी पळून आलेल्याचा दुपारपर्यंत बहुतेक संपलेला असतो.