प्रवासातला ‘वास’

रविवारी संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका पाटीवरून. सुनील त्याच दिवशी सकाळी पुण्याहून आलेला. येताना चहाला उतरला तिथं त्याला कन्नड पाटी दिसली, ‘प्रवासी मंदिर’. अक्षरं लागतात त्याला, अर्थ लागत नाही.

“देव कुठला रे तिथला?”

“देव नाही मर्दा, सरकारी विश्रामगृह ते,” बसू म्हणाला. “मंदिर म्हणजे घर. बाहेरनं येऊन राहतो तो प्रवासी. बसमध्ये बसलेला आमच्यात प्रयाणिक.”

खरंच आहे ते. बेळगावच्या स्टँडवर कर्नाटकच्या गाडीत ‘प्रयाणिकरु’ चढतात आणि शेजारच्या लाल एसटीत ‘प्रवासी’. माणसं तीच. आपण दोन्ही पाट्या लहानपणापासून वाचतो, खरं दोन शब्द का, हे विचारत नाही.

सुनीलचं म्हणणं, कन्नडवाल्यांनी अर्थ फिरवला. मी म्हटलं, उलट आहे. ‘प्रयाण’ शब्दात ‘या’ धातू आहे, जाणं. यात्रा त्यातलीच, जत्राही त्यातलीच. ‘प्रवास’मध्ये ‘वस्’, राहणं. निवास, वस्ती, वनवास, अज्ञातवास, सगळे एकाच घरातले. वनवासात चालणं झालंच, खरं मोजली ती चौदा वर्षं. ‘प्र’ लागला की घरापासून दूर राहणं. मूळ अर्थ कन्नडनं त्या पाटीवर जपला, मराठीनं वाटेवर आणला.

“मग तू म्हणतोस आपण चुकीचं बोलतोय?” सुनील चिडला. “एका दिवसात मुंबईला जाऊन आलो तर तो प्रवास नाही?”

“आहे की. आज आहेच.” शब्द वापरणाऱ्यांचा असतो, हे त्याचं मला पटतं. खरं मूळ विसरलं की एक गोष्ट हातातून जाते. संस्कृतात नवरा परगावी असलेल्या नायिकेला ‘प्रोषितभर्तृका’ म्हणतात. ‘प्रोषित’ हे ‘प्रवास’चंच भावंड. विरहाच्या शृंगारात ‘प्रवास’ हा एक प्रकारच सांगितलाय. म्हणजे हा शब्द गेलेल्याच्या पायांइतकाच मागं राहिलेल्याच्या दारावरही उभा होता. आमच्या खानापूर-चंदगडच्या किती घरांनी हा अर्थ शब्द न उच्चारता जगलाय! घरधनी मुंबईच्या गिरणीत, शेत आणि म्हातारी बाईच्या गळ्यात, आणि वर्षातून एकदा गणपतीला ट्रंक घेऊन माणूस दारात.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. भज्यांच्या गाड्यावर मिरची तेलात सोडल्याचा आवाज तेवढा.

मग मारुतीनं विषय दुसरीकडं नेला. त्याचा मुलगा दांडेलीला ‘जंगल सफारी’ करून आलेला, जीपमधून काही तासांची. “हा तरी इंग्रजी शब्द ना?” नाही. अरबीत ‘सफर’ म्हणजे प्रवास. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांबरोबर तो स्वाहिलीत गेला, ‘सफारी’ झाला, आणि तिथं आजही कुठल्याही प्रवासाला सफारीच म्हणतात. निघणाऱ्याला ‘सफारी न्जेमा’ म्हणायचं, सुखाचा प्रवास होवो. वाघ, जीप, दुर्बीण हे सगळं नंतर इंग्रजीतनं चिकटलं. आपल्याकडं तोच शब्द फारसीच्या वाटेनं ‘सफर’ म्हणून आधीच येऊन बसला होता, हे कळल्यावर मारुती एकदम खूश झाला.

“आणि मजल?” बसूनं विचारलं. ‘मजल दरमजल’ त्याला फार आवडतं. तेही अरबी ‘मंझिल’, उतरण्याची जागा. घोड्यावरनं उतरायचं ते ठिकाण म्हणजे मजल, आणि घराचा मजला त्याचाच भाऊ. मुक्कामही अरबीच, थांबण्याची जागा. माझं म्हणणं इथंच येऊन टेकतं: लांबच्या वाटेचे आपले बरेचसे शब्द चालण्यातनं आलेले नाहीत, थांबण्यातनं आलेत. कुठं उतरलात, किती रात्री घराबाहेर काढल्यात, यावर वाट मोजली जायची.

सुनीलला ते पूर्ण पटलं नाही. “रात्रीच्या स्लीपरनं निघून सकाळी उतरतो मी. कुठं थांबतोय?”

“पुण्यात,” बसू म्हणाला. “अकरा वर्षं.”

सुनीलनं पिशवी उचलली. साडेनऊची गाडी होती.