‘एनआरव्ही लावा आणि सम्प काठोकाठ भरा’ म्हणणाऱ्यांना

घरी खाऱ्या पाण्याचे, मासे आणि कोरल (प्रवाळ) यांचे टँक ठेवणाऱ्यांमध्ये ‘घरच्या घरी सम्प, एका रविवारात’ अशा आशयाचा मेसेज फिरत असतो. सम्प म्हणजे टँकखालच्या कॅबिनेटमधली, पाणी साफ करणारी कप्प्यांची टाकी; टँकचं पाणी ओव्हरफ्लोमधून तिच्यात उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपने परत वर चढवतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. पंप तासाला टँकच्या दहापट पाणी फिरवणारा घ्या. रिटर्नच्या पाइपला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावला की सम्प काठोकाठ भरला तरी चालतो. रिटर्नचा, म्हणजे पंपाचा कप्पा होईल तितका मोठा ठेवा. पहिल्या कप्प्यात बायोबॉल (पाणी शुद्ध करणारे जिवाणू वाढावेत म्हणून घालायचे प्लास्टिकचे गोळे) भरा. सिलिकॉन आणि फिटिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळेल ते चालतं.

एका रविवारात सम्प चिकटवून होतो, हे मला मान्य आहे. जुना टँक, काचेच्या तीन-चार पट्ट्या आणि सिलिकॉनची एक ट्यूब एवढ्यावर भागतं, आणि विकतच्यापेक्षा तो बराच स्वस्तही पडतो. पण कप्पे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी रिकामं किती ठेवायचं ते ठरवावं लागतं, आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

एनआरव्हीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यानेच माझी फरशी भिजवली. लाइट गेले की पंप थांबतो आणि वरचं पाणी दोन वाटांनी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या (टँकमधून पाणी खाली सोडणाऱ्या भागाच्या) काठावरच्या दात्यांच्या वर असलेलं पाणी उतरतं ही एक वाट. दुसरी वाट रिटर्नच्या पाइपची. त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर ते उघडं पडेपर्यंत उलटा सायफन चालू राहतो. 120 सेंटीमीटर लांब आणि 45 सेंटीमीटर रुंद टँकमध्ये पाण्याची एक सेंटीमीटर पातळी म्हणजे 5.4 लिटर. तोंड पाच सेंटीमीटर खाली असेल तर 27 लिटर खाली येणार. लोक पाइपमधल्या पाण्याची धास्ती घेतात, पण इंचभर पाइपच्या दीड मीटरमध्ये लिटरभरही पाणी मावत नाही.

हे सगळं एक झडप अडवेल असं मेसेज म्हणतो. माझी झडप वर्षभर अडवत होती. मग मे महिन्यात रात्री लाइट गेले आणि सकाळी कॅबिनेटखालचा गालिचा फुगलेला दिसला. युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) सोडवून झडप काढली. तिच्या बैठकीवर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी, पिळदार कवचं चिकटली होती. अंधाऱ्या पाइपात आनंदाने वाढणारे नळीकिडे! झडप मिटत होती, पण पुरती नाही. पाइपला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक पाडायचा उपायही चांगला आहे, पण तेही शेवाळाने बुजतं. एनआरव्ही लावायला माझी ना नाही, फक्त तो नाहीच असं धरून हिशेब करा. 90 बाय 38 च्या सम्पमध्ये 27 लिटर म्हणजे जवळपास आठ सेंटीमीटर. एवढी जागा रिकामी हवीच, वर थोडी जास्त ठेवा. त्याहून सोपं म्हणजे रिटर्नचं तोंड वर उचला. ते पातळीखाली दोन सेंटीमीटरवर आणलं की 27 चे अकरा लिटर होतात.

रिटर्नचा कप्पा मोठा ठेवा, हा सल्ला निम्मा बरोबर आहे. बाष्पीभवनाची घट फक्त याच कप्प्यात दिसते, वरचा टँक तसूभरही हलत नाही. कप्पा 25 बाय 38 चा असेल आणि उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी उडालं, तर पातळी तीन सेंटीमीटरहून जास्त उतरते. दोन-चार दिवस दुर्लक्ष झालं की पंप हवा ओढतो. पण उलटा विचारही करा. ओव्हरफ्लोत गोगलगाय अडकली आणि खाली येणारं पाणी थांबलं, तर पंप या कप्प्यातलं सगळं पाणी वर ढकलतो. वर काठापर्यंत तीन सेंटीमीटर मोकळे असतील तर तिथे सोळा लिटर मावतात. कप्प्यात पंपाच्या तोंडापर्यंत त्याहून जास्त पाणी असेल तर ते दिवाणखान्यात येणार. म्हणून कप्पा बेताचाच ठेवायचा आणि बाष्पीभवनाची भरपाई ऑटो टॉप-अपने (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राने), गोड्या पाण्याने करायची.

दहापट प्रवाहाचं खूळ कुठून आलं असावं, याचा अंदाज येतो. कोरलना जोरदार हालचाल लागते खरी, पण ती टँकमधल्या वेव्हमेकरने (नुसतं पाणी हलवणाऱ्या पंपाने) द्यायची. सम्पमधून तासाला तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी भागतं. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं सम्पमधलं यंत्र) त्याच्या पंपाला झेपेल तेवढंच पाणी ओढतो, उरलेलं नुसतं शेजारून जातं. शिवाय वेगापुढे बॅफल (कप्प्यांमधल्या, बुडबुडे अडवणाऱ्या काचेच्या पट्ट्या) हरतात आणि बारीक बुडबुडे थेट टँकमध्ये पोचतात. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, तेही लक्षात असू द्या.

बायोबॉल विषारी नाहीत. त्यांच्यात गाळ अडकतो, तो कोणी धूत नाही, आणि मग नायट्रेट वाढलं की बोल त्यांना लागतो. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र समुद्री खडक) असेल तर त्यांची गरजच नाही.

राहिलं हार्डवेअरचं दुकान. तिथलं साधं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन चालतं, बुरशीरोधक असलेलं बाथरूमचं नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. पितळी व्हॉल्व्ह नको. त्यातलं तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरलच्या जिवावर उठतं. स्टीलचे क्लॅम्पही गंजतात, प्लास्टिकचे घ्या.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर पंप चार वेळा बंद करून बघा. पाणी जिथे येऊन थांबेल तिथे काचेवर मार्करने रेघ मारा. आणि स्किमरचा कप वर उचलून काढता येतो का, तेही तेव्हाच बघा. माझ्या कॅबिनेटची मधली फळी मला नंतर करवतीने कापावी लागली होती.