दहापैकी गुण

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी पुढे सरकावं.

दुपारी एका कार्यक्रमाला गेले होते. विषय, जुन्या विज्ञानकथांमधले उद्याचे समाज. वक्ता तिशीतला, हुशार. त्याने पडद्यावर तक्ताच लावला: कुठल्या कथेचं भाकीत खरं ठरलं, कुठलं फसलं, दहापैकी गुण. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरच्या 'द मशीन स्टॉप्स'ला आठ, कारण १९०९ साली त्याने व्हिडिओ कॉल लिहिला. अमेरिकन लेखक फ्रेडरिक पोलच्या 'द मायडस प्लेग'ला दोन. सगळे हसले. अरे, विज्ञानकथा म्हणजे काय वार्षिक राशिभविष्य आहे?

या दोन्ही कथा आमच्या घरी एकाच पुस्तकात आहेत. बेन बोव्हाने संपादित केलेला 'सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम' या निवडक विज्ञानकथांच्या संग्रहाचा दुसरा खंड, १९७३चा. सगळ्या लघुकादंबऱ्या, म्हणून दोन भागांत काढलेला. त्यातला दुसराच भाग बाबांना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला, तोही मुखपृष्ठाविना. जेवणं झाली की ते त्यातलं वाचून आम्हाला मराठीत सांगायचे.

'मायडस प्लेग' सांगितली ती रात्र मला लख्ख आठवते. यंत्रमानव माल काढतच राहतात, तो संपवायची माणसांना सक्ती. गरिबाला मोठा कोटा: खा, कपडे झिजवा, हिशेब द्या. साधं राहण्याची चैन श्रीमंतालाच. आम्ही भावंडं हसून हसून लोळलो. आई त्या दिवशी रॉकेलच्या रांगेतून रिकामा डबा घेऊन परतली होती. ती काही हसली नाही. भांडी आवरता आवरता म्हणाली, "म्हणजे रेशनकार्ड त्यांनाही आहेच की!"

चहाच्या वेळी मी हे त्या वक्त्याला सांगितलं. म्हणाला, "सो क्यूट!"

क्यूट? पोल स्वतः जाहिरातीच्या धंद्यात राबलेला माणूस. १९५४ची अमेरिका, नवी मोटार घ्या, नवा फ्रीज घ्या म्हणून माणसाच्या हात धुऊन मागे लागलेली. ती त्याने उलटी करून दाखवली. त्याला कसलं भाकीत करायचंय! आणि फॉर्स्टरला आठ गुण कशाचे, तर त्या व्हिडिओ कॉलच्या पडद्याचे. त्या कथेतला मुलगा आईला म्हणतो, यंत्रातून नको, मला तुला समोरासमोर भेटायचंय. आई टाळाटाळ करते, तिची व्याख्यानं असतात ना. हे कुठल्या रकान्यात टाकलंस रे?

बरं, मान्य, सगळंच काही सोनं नाही. या कथांतल्या बायका बहुतेक रडायला नाहीतर रुसायला. आणि त्याच खंडाच्या पहिल्या भागातली कॉर्नब्लूथची 'द मार्चिंग मोरॉन्स', मठ्ठ लोकांचीच पोरं वाढत चालली म्हणून घाबरलेली, ती आज वाचवत नाही. पुढे.

घरी येऊन पुस्तक काढलं. पानं सुटलीत, दोऱ्याने बांधून ठेवलंय. 'कोटा'शेजारी बाबांची पेन्सिल: 'नेमून दिलेला वाटा?' प्रश्नचिन्हासकट. शब्द पसंत पडला नसावा. तेवढ्यात बेल वाजली. पार्सल. आजचं तिसरं, आणि तिन्ही मीच मागवलेली. मघाचा राग जरा ओशाळला, खोटं कशाला सांगू.

आईला विचारलं, बाबांची ती गोष्ट आठवते का गं? म्हणाली, "गोष्ट नाही बाई. रॉकेल दुसऱ्या दिवशीही आलं नव्हतं, एवढं आठवतं."