‘याहू!’ हे नाव शम्मी कपूरवरून पडलेलं नाही

दर काही महिन्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर तो निरोप फिरून येतो. ‘याहू!’ या अमेरिकन कंपनीनं आपलं नाव ‘जंगली’मधल्या शम्मी कपूरच्या आरोळीवरून घेतलं, आणि पुरावा काय, तर नावापुढचं उद्गारचिन्ह. जोडीला रफीसाहेबांच्या गळ्याचं कौतुक आणि शेवटी तिरंगा. शम्मी माझाही लाडका. तरी हा निरोप पुढे ढकलण्याआधी जरा थांबा.

आधी नावाचं बघू. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो हे स्टॅनफर्डमधले पीएचडीचे विद्यार्थी. १९९४ साली प्रबंध बाजूला ठेवून दोघे आवडत्या वेबसाइटींची यादी करत बसले. यादीचं नाव होतं ‘जेरी अँड डेव्हिड्स गाइड टू द वर्ल्ड वाइड वेब’. एवढं नाव घेता घेता धाप लागायची, म्हणून ‘याहू’ आलं. इंग्रजी शब्दकोशात याहू म्हणजे आडदांड, अडाणी, रीतभात नसलेला माणूस. तो अर्थ आपल्याला शोभतो म्हणून हा शब्द आवडला, असं दोघांनी सांगून ठेवलंय. ‘यट अनदर हायरार्किकल ऑफिशस ओरॅकल’ हा लांबलचक विस्तारही फिरतो. ती प्रोग्रामर मंडळींची थट्टा, शब्द आधी ठरवून अक्षरं मागून बसवलेली.

आणि हा शब्द शब्दकोशात आला जोनाथन स्विफ्टमुळे. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या चौथ्या भागात शहाण्या घोड्यांचं राज्य आहे आणि तिथली केसाळ, घाणेरडी, चकचकीत दगडांसाठी भांडणारी माणसं म्हणजे याहू. पुस्तक १७२६ चं, ‘जंगली’ १९६१ चा. हिशेब तुम्हीच करा.

उद्गारचिन्हाची गोष्ट त्याहून रुक्ष. १९९५ साली कंपनी उभी राहिली तेव्हा ‘याहू’ या नावाचे ट्रेडमार्क आधीच दुसऱ्यांकडे होते: कुणाचा बार्बेक्यू सॉस, कुणाच्या सुऱ्या, कुणाच्या होड्या. नोंदणीत आपलं नाव वेगळं दिसावं म्हणून शेवटी एक उभी रेघ आणि टिंब. त्यात आनंदाचा चीत्कार कमी, वकिलाचा सल्ला जास्त.

आता रफी. गाणं त्यांचंच, पण ‘याहू’ची ती आरोळी प्रयाग राज यांची. हे पृथ्वी थिएटरमधून आलेले, पुढे ‘अमर अकबर अँथनी’च्या पटकथेवर ज्यांचं नाव लागलं तेच. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा मृत्युलेखांमधून अनेकांना हे पहिल्यांदाच कळलं. पडद्यावर शम्मी, गाण्यात रफी आणि आरोळी तिसऱ्याचीच. कौतुक करायचंच तर त्या तिसऱ्या माणसाचं करा की!

मग हा सगळा निव्वळ योगायोग? शब्दाचा हो, पण अर्थाचं जुळणं मात्र भारी आहे. सिनेमात शेखरच्या घरी हसायलाही बंदी, आणि ती शिस्त लावणारी आई म्हणजे आपल्या ललिता पवार. त्या घरातला मुलगा बर्फात लोळत ‘मला खुशाल जंगली म्हणा’ असं ओरडतो, ते बरोबर ‘याहू’ म्हणून. यांग आणि फिलोही स्वतःला तेच म्हणवून घेत होते. शंकर-जयकिशनच्या चालीवर नाचणाऱ्या शम्मीला स्विफ्ट ठाऊक असायची गरज नव्हती, आणि त्या दोघांना शम्मी.

शम्मी आणि इंटरनेट ही जोडी मात्र बनावट नाही. भारतात नेट नवं होतं तेव्हा, वय झालेलं असतानाही तो संगणकासमोर तासन् तास बसे, आणि इंटरनेट वापरणाऱ्यांची संघटना उभारण्यातही पुढे होता.

आणि सिलिकॉन व्हॅलीत आपल्याकडचा शब्द हवाच असेल, तर तोही आहे. १९९६ साली तिथल्या भारतीय इंजिनिअरांनी एक कंपनी काढली, १९९८ मध्ये ॲमेझॉननं ती विकत घेतली. नाव होतं ‘जंगली’. उद्गारचिन्हाशिवाय.